मराठीत अ‍ॅफिलिएट ब्लॉग कसा उभा करावा: घरघंटीच्या उदाहरणाने सविस्तर उत्तर

सांगलीच्या एका भगिनींनी विचारलेल्या प्रश्नाचा सारांश असा. त्या एका दुकानात अर्धवेळ हिशेब लिहितात आणि उरलेल्या वेळात ब्लॉग लिहून अ‍ॅफिलिएट कमिशनमधून, म्हणजे आपण दिलेल्या लिंकवरून झालेल्या विक्रीवरच्या दलालीतून, काही उत्पन्न मिळवावे, अशी त्यांची इच्छा आहे. पाककृती, आरोग्य, सरकारी योजना आणि मोबाइल हे चारही विषय एकाच ब्लॉगवर घेण्याचा त्यांचा विचार आहे. हे सगळे शिकवणाऱ्या वीस हजार रुपयांच्या ऑनलाइन कोर्सला नाव नोंदवावे का, लिहिलेले लोकांपर्यंत कसे पोहोचवावे आणि पैसे केव्हा दिसू लागतील, हे त्यांचे तीन प्रश्न आहेत. ओघात त्यांनी असेही लिहिले आहे की गेल्या वर्षी घरघंटी घेताना मराठीत कुठेही धड माहिती मिळाली नाही आणि शेवटी शेजारणीला विचारूनच निर्णय घ्यावा लागला.

ताई, तुमच्या प्रश्नातले हे ओघात आलेले वाक्यच मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि माझे उत्तर मी त्याच्याच आधाराने देणार आहे. अ‍ॅफिलिएट ब्लॉगचे उत्पन्न वाचकांच्या गर्दीतून येत नाही. वस्तू घ्यायची हे ठरवलेला, पण कोणती घ्यावी आणि घ्यावी तरी का, या पेचात अडकलेला माणूस तुमच्या लेखापाशी येतो, लेख वाचून त्याचा निर्णय होतो आणि तो तुमच्या लिंकवरून खरेदी करतो, तेव्हा कमिशन मिळते. शिऱ्याची कृती वाचायला आलेला माणूस शिरा करायला जातो. त्याला काही विकत घ्यायचे नसते. सरकारी योजनेची माहिती शोधणारा अर्जाची तारीख पाहून निघून जातो. मोबाइलचा खरेदीदार नक्कीच असतो, पण त्याच्यासाठी देशातील मोठमोठी संकेतस्थळे आणि यूट्यूब वाहिन्या रोज लिहीत-बोलत असतात, आणि तुम्ही परीक्षण लिहीपर्यंत ते मॉडेल जुने झालेले असते. आरोग्याच्या विषयात तर गूगल लेखकाची पात्रता अधिक काटेकोरपणे पाहते, आणि ते योग्यच आहे.

याउलट घरघंटी घ्या. दहा-बारा हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत किंमत असलेली ही वस्तू कुटुंब एकदाच घेते आणि पुढे दहा-पंधरा वर्षे वापरते. त्यामुळे घेण्यापूर्वी लोक घरात चर्चा करतात, शोधाशोध करतात, चार ठिकाणी विचारतात. मॉडेल वर्षानुवर्षे बदलत नाहीत, म्हणून लिहिलेला लेख लवकर शिळा होत नाही. आणि भाजणीचे थालीपीठ, ज्वारी-नाचणीची भाकरी, उपासाची भाजणी हे ज्या स्वयंपाकघरात रोज होते, तिथले प्रश्न दिल्लीतल्या इंग्रजी लेखकाला सुचत नाहीत. अशा एका मर्यादित विषयाला धरून चालणाऱ्या ब्लॉगला या व्यवसायात नीश ब्लॉग म्हणतात. तुमचा विषय घरघंटीच असावा असा माझा आग्रह नाही. शिलाई मशीन, गच्चीवरची बाग, सह्याद्रीतील ट्रेकसाठी लागणारे सामान यांपैकी कोणताही चालेल. मात्र तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: वस्तू तुमच्या हाताला लागलेली असावी, घेणाऱ्याला विचार करावा लागेल इतकी तिची किंमत असावी आणि तिच्याभोवती निदान चाळीस-पन्नास खरे प्रश्न असावेत. गच्चीवरच्या बागेत तिसरी अट उत्तम जुळते, पण कोकोपीटची वीट आणि निंबोळी तेलाची बाटली यांच्यावर मिळणारे कमिशन काही रुपयांचे असते. तिथे वाचक पुष्कळ पटींनी जास्त लागतात.

आता एक लेख कसा लिहायचा ते जरा जवळून पाहू, कारण या धंद्याचे सारे मर्म तिथेच आहे. “घरघंटी घेणे परवडते का?” हा प्रश्न घ्या. बाजारातले बहुतेक लेख याचे उत्तर “होय, पैशांची बचत होते” असे एका ओळीत देतात. तुम्ही हिशेब लिहिणाऱ्या आहात, तेव्हा हिशेबच मांडा. चौघांच्या कुटुंबाला महिन्याला 20 किलो दळण लागते असे धरू. कोपऱ्यावरचा गिरणीवाला किलोला 6 रुपये घेतो असे धरू. घरघंटीची मोटार बहुधा एक अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे पाऊण किलोवॅटची असते. तासाला 7 किलो दळण निघाले आणि विजेचे युनिट 10 रुपयांना पडले, तर किलोमागे विजेचा खर्च साधारण एक रुपया येतो. म्हणजे किलोमागे बचत 5 रुपये, महिन्याची बचत 100 रुपये. पंधरा हजारांची घरघंटी या हिशेबाने 150 महिन्यांनी, म्हणजे साडेबारा वर्षांनी वसूल होते, आणि यात दुरुस्ती, बदललेली जाळी किंवा साफसफाईचे श्रम धरलेलेच नाहीत.

हा हिशेब पाहून तुम्हाला वाटेल की असे लिहिले तर विक्री होणार कशी? माझा अनुभव असा आहे की हाच लेख विक्री करतो. पैशांच्या बचतीसाठी घरघंटी घेऊ नका असे स्पष्ट लिहिल्यावर पुढचा परिच्छेद वाचक विश्वासाने वाचतो, आणि त्या परिच्छेदात ती कोणासाठी योग्य आहे ते तुम्ही सांगता. ज्यांच्या घरी गव्हाचे ग्लुटेन चालत नसलेला माणूस आहे आणि गिरणीत दुसऱ्याच्या गव्हाचे पीठ मिसळण्याची भीती आहे, त्यांच्यासाठी ती योग्य आहे. जे नाचणी-बाजरी थोडी थोडी, ताजी दळून घेऊ इच्छितात, कारण बाजरीचे पीठ लवकर कडू होते, त्यांच्यासाठी योग्य आहे. ज्यांच्या इमारतीजवळची गिरणी बंद झाली आहे किंवा ज्यांना डबा घेऊन तीन जिने उतरणे झेपत नाही, त्यांच्यासाठीही योग्य आहे. वाचकाला यांपैकी एखाद्या ओळीत आपले घर दिसले की तो लिंकवर जातो, आणि न दिसले तर तुम्ही त्याचे पंधरा हजार रुपये वाचवलेले असतात. तो वाचक पुढच्या वेळी मिक्सर घेतानाही तुमच्याकडेच येतो.

दुसरा लेख चाचणीचा. त्यासाठी पाच घरघंट्या विकत घेण्याची मुळीच गरज नाही. तुमची स्वतःची एक आहे. नणंदेकडे, मैत्रिणीकडे, सोसायटीत आणखी दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सापडतील. प्रत्येक ठिकाणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून एक किलो लोकवन गहू न्या, सोबत एक किलो ज्वारी न्या. एकाच क्रमांकाची जाळी लावून दळा आणि वेळ मोबाइलवर मोजा. निघालेले पीठ पुन्हा वजन करा, म्हणजे आत किती अडकून राहते ते कळेल. पीठ हाताला किती गरम लागते ते लिहा, आणि शक्य असेल तर तापमापीने मोजा. दळताना शेजारच्या खोलीत बोलणे ऐकू येते का, शेवटी कापडी गाळणीतून किती धूळ उडते, जाळी काढून घासायला किती मिनिटे लागतात, हे सगळे टिपून ठेवा आणि प्रत्येक पायरीचा फोटो घ्या. त्याच पिठाच्या चपात्या आणि भाकऱ्या करून पाहा. अशी माहिती कंपनीच्या पत्रकात नसते आणि दुसऱ्या कोणाला ती घरबसल्या लिहिता येत नाही.

मराठी घरातले काही प्रश्न तर असे आहेत की त्यांची उत्तरे मी आजवर कुठे नीट लिहिलेली पाहिली नाहीत. वर्षाचा गहू भरताना त्याला एरंडेल लावून ठेवतात. तसा गहू घरघंटीत टाकला तर जाळीला पीठ चिकटते का, आणि किती? भाजणीचे धान्य भाजल्यावर किती गार झालेले असावे? मेतकुटाच्या डाळी दळल्यावर हळद-हिंगाचा वास पुढच्या दळणाला लागू नये म्हणून काय करावे? खपली गव्हाला कोणती जाळी लावावी? हा गहू सांगली-सातारा-कोल्हापूरच्या पट्ट्यात पिकतो, तेव्हा तुमच्याइतके हे दुसऱ्याला कसे कळणार? असा प्रत्येक प्रश्न म्हणजे एक स्वतंत्र लेख आहे, आणि त्या प्रत्येक लेखातून खरेदीच्या मुख्य लेखाकडे जाणारी एक लिंक स्वाभाविकपणे देता येते.

या पद्धतीला मोठे उदाहरण आहे. अमेरिकेत ब्रायन लॅम यांनी 2011 मध्ये वायरकटर हे संकेतस्थळ सुरू केले. वस्तू प्रत्यक्ष वापरून, तासन् तास पारखून बहुतेकांनी कोणती घ्यावी हे सांगायचे आणि उत्पन्न अ‍ॅफिलिएट कमिशनमधून मिळवायचे, एवढीच त्यामागची कल्पना होती. 2016 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते सुमारे तीन कोटी डॉलरना विकत घेतले. तेवढा आवाका आपल्याला नको आहे, पण थोड्या वस्तू खोलात जाऊन पाहण्याची ती शिस्त मात्र सांगलीतल्या स्वयंपाकघरातूनही पाळता येते.

शोधशब्द, ज्यांना सगळे कीवर्ड म्हणतात, ते शोधण्यासाठी सुरुवातीला कोणतेही पैशाचे साधन लागत नाही. गूगलच्या शोधपेटीत विषय लिहायला सुरुवात करा आणि खाली उमटणाऱ्या सूचना वहीत उतरवून घ्या. “लोक हेही विचारतात” या चौकटीतले प्रश्न उतरवा. यूट्यूबवर घरघंटीच्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया वाचा, कारण खरा वैताग आणि खऱ्या शंका तिथे लोक मोकळेपणाने लिहितात. एक गोष्ट मराठीसाठी विशेष महत्त्वाची आहे. आपला वाचक लेख मराठीत वाचतो, पण शोध अनेकदा रोमन अक्षरांत टंकतो, कधी देवनागरीत लिहितो आणि आता बोलूनही शोधतो. त्यामुळे लेखाच्या शीर्षकात देवनागरीच ठेवावी, पण मॉडेलचे नाव कंपनी लिहिते तसे रोमन अक्षरांतही लेखात एकदा यावे. लेखाचा पत्ता, म्हणजे पर्मालिंक, मात्र रोमन अक्षरांतच आणि छोटा ठेवावा. देवनागरी पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि तिच्यावर बोट ठेवायला लोक कचरतात.

तांत्रिक बाजूवर मी फार वेळ घालवणार नाही, कारण नवे लोक तिच्यावरच नको इतका वेळ घालवतात. स्वतःचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, घ्या. त्याला वर्षाला साधारण हजार रुपये लागतात. ब्लॉग चालवण्याची वर्डप्रेस ही प्रणाली आणि साधे होस्टिंग, म्हणजे ब्लॉग साठवण्यासाठी भाड्याची जागा, पुरेसे आहे. खर्च आणखी कमी हवा असेल तर गूगलच्या ब्लॉगर या विनामूल्य सेवेवर स्वतःचे डोमेन जोडूनही सुरुवात करता येते. हलकी थीम (ब्लॉगचे रूप ठरवणारा साचा), मोजके प्लगिन (जादा सोयी देणाऱ्या जोडण्या) आणि मोबाइलवर नीट दिसणारी अक्षरे एवढे पाहा. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांना आणि मोबाइलना वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतातच, असला पाहिजे. छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फाँटमध्ये टंकलेला मजकूर गूगलला वाचता येत नाही. देवनागरीची वेलांटी-उकार बारीक आकारात एकमेकांत मिसळतात, म्हणून अक्षर इंग्रजीपेक्षा थोडे मोठे आणि दोन ओळींतले अंतर जास्त ठेवा. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त किंवा गूगलचा नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही फाँट विनामूल्य आहेत आणि उत्तम वाचता येतात.

कोर्सबद्दल माझे मत स्पष्ट आहे: वीस हजार रुपये देऊ नका. ब्लॉग कसा उभारावा, सर्च कन्सोल (आपली पाने गूगलच्या शोधात कशी दिसतात ते दाखवणारे गूगलचे साधन) कसे वाचावे, लेखाची रचना कशी असावी हे गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शक पानांवर आणि वर्डप्रेसच्या साहित्यात विनामूल्य आहे. शिकवणाऱ्याचे उत्पन्न त्याच्या स्वतःच्या ब्लॉगमधून येते की कोर्सच्या विक्रीतून, हा प्रश्न विचारून पाहा. पहिले असेल तर त्याने तो ब्लॉग दाखवावा. काही ठिकाणी तर कोर्स घेतलेल्याने तोच कोर्स पुढे दुसऱ्याला विकावा आणि त्यावर कमिशन घ्यावे, अशी रचना असते. तिला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग शिकणे म्हणता येणार नाही, आणि आपल्या ओळखीपाळखीच्या माणसांना त्यात ओढणे तर मुळीच योग्य नाही. ते वीस हजार रुपये डोमेन, दोन वर्षांचे होस्टिंग, एक बरा काटा, एक तापमापी आणि चाचणीसाठी लागणारे धान्य यांवर खर्च केले तरी बरेच शिल्लक राहतील.

आता कमिशनचे कार्यक्रम. अ‍ॅमेझॉनचा असोसिएट्स कार्यक्रम 1996 पासून चालू आहे आणि भारतात सुरुवात करायला तोच सोयीचा आहे, पण त्याचे नियम आधी वाचावेत. नोंदणी झाल्यापासून 180 दिवसांत किमान तीन पात्र विक्री झाल्या नाहीत तर खाते बंद होते; म्हणून पहिल्याच दिवशी नोंदणी करू नका, लेखांना वाचक येऊ लागल्यावर करा. वाचकाने तुमच्या लिंकवर क्लिक केल्यानंतर साधारणपणे 24 तासांत केलेली खरेदीच तुमच्या नावे धरली जाते. स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी करणे किंवा घरच्यांकडून करवणे चालत नाही. वस्तूची किंमत लेखात हाताने लिहून ठेवणे, तिथली ग्राहकांची मते किंवा फोटो उचलून लावणे हेही नियमात बसत नाही. फोटो तुमचे स्वतःचे असले की तो प्रश्नच उद्भवत नाही.

कमिशनचे दर वस्तूच्या प्रकारानुसार वेगळे असतात आणि कंपनी ते हवे तेव्हा बदलू शकते. एप्रिल 2020 मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या सामानावरील दर 8 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणला आणि किराणा मालावरील 5 वरून 1 टक्क्यावर. अनेकांचे उत्पन्न एका आठवड्यात निम्म्याहून खाली आले. एकाच कार्यक्रमावर विसंबू नये ते यासाठी. शिवाय आपल्याकडे घरघंटी पुष्कळ लोक गावातल्या दुकानातून घेतात, कारण मशीन बिघडले तर माणूस घरी यावा असे त्यांना वाटते, आणि त्यात काही चूक नाही. ती खरेदी ऑनलाइन लिंकमध्ये दिसत नाही. म्हणून ब्लॉग थोडा स्थिरावला की एखाद्या उत्पादकाशी किंवा जिल्ह्यातल्या विक्रेत्याशी थेट बोला, तुमच्या नावाचे सवलत-कूपन ठरवा आणि कमिशन किती, केव्हा आणि कशाच्या हिशेबाने मिळणार हे लेखी घ्या. फक्त एक पथ्य कसोशीने पाळा: कोणत्या यंत्राला पहिला क्रमांक द्यायचा हे चाचणीने ठरावे, कमिशनने नव्हे.

कमिशन मिळते हे वाचकाला सांगणे हा शिष्टाचार तर आहेच, पण तो नियमही आहे. जाहिरात क्षेत्राची स्वनियामक संस्था एएससीआय हिने 2021 मध्ये समाजमाध्यमांवरील शिफारशींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही शिफारस करणाऱ्यांसाठी सूचना जाहीर केल्या. आर्थिक संबंध स्पष्ट शब्दांत, सहज दिसेल असा आणि शिफारशीच्याच भाषेत सांगावा, असे त्यांत आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा प्रत्येक लेखाच्या आरंभीच, पहिल्या लिंकच्या आधी, मराठीत लिहा: “या लेखातील लिंकवरून खरेदी केल्यास मला विक्रेत्याकडून कमिशन मिळते, तुम्हाला जादा पैसे पडत नाहीत.” असोसिएट म्हणून कमिशन मिळते असे अ‍ॅमेझॉनने सांगितलेले विधानही ब्लॉगवर ठेवा आणि अशा लिंकना गूगलने 2019 मध्ये आणलेला ‘स्पॉन्सर्ड’ हा गुण, म्हणजे लिंक पैशांच्या संबंधातून दिली आहे हे गूगलला सांगणारी खूण, लावा, बहुतेक प्लगिनमध्ये त्याची सोय असते. तळाशी बारीक अक्षरात ही सूचना लपवणाऱ्या ब्लॉगवर माझा स्वतःचाही विश्वास बसत नाही.

लिहिलेले लोकांपर्यंत कसे पोहोचवावे हा प्रश्न तुम्ही कोर्सनंतर विचारला आहे, पण काळजी त्याचीच जास्त करायला हवी. पहिले सहा-आठ महिने गूगल नव्या ब्लॉगकडे फारसे लक्ष देत नाही, हे गृहीत धरूनच चाला. त्या काळात वाचक आणायचे ते माणसांमधून. फेसबुकवर पाककृतींचे, बागकामाचे, एकेका शहरातल्या गृहिणींचे मराठी गट आहेत. तिथे जाऊन लिंक टाकू नका. कोणी दळणाचा किंवा यंत्राचा प्रश्न विचारला तर तिथेच पूर्ण, उपयोगी उत्तर लिहा आणि फोटो लावा. दहा वेळा असे उत्तर दिल्यावर अकराव्या वेळी लोकच विचारतात की तुम्ही याबद्दल कुठे लिहिले आहे का. चाचणीचे छोटे व्हिडिओ यूट्यूबवर टाका. बोलण्याची भीती वाटत असेल तर चेहरा न दाखवता फक्त यंत्र, काटा आणि पीठ दाखवले तरी चालते, कारण घेणाऱ्याला आवाज आणि पिठाचा पोत पाहायचा असतो. व्हिडिओखाली लेखाचा पत्ता द्या.

गूगलवर सर्वस्वी अवलंबून राहू नये हेही तितकेच महत्त्वाचे. हवा शुद्ध करणारी यंत्रे स्वतः विकत घेऊन पारखणारे हाउसफ्रेश नावाचे संकेतस्थळ आहे. गूगलने 2023-24 मध्ये क्रमवारीचे निकष बदलल्यावर त्यांचे शोधातून येणारे बहुतांश वाचक गेले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीरपणे, पुराव्यानिशी लिहिले. काम प्रामाणिक असूनही असे होऊ शकते. भारतात ऑगस्ट 2024 पासून गूगल काही शोधांना पानाच्या वरच कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तरही देते. “घरघंटी म्हणजे काय” अशा साध्या प्रश्नासाठी आता तुमच्या पानावर कोणी येणार नाही. “एरंडेल लावलेला गहू दळल्यावर जाळी कशी झाली” हे फोटोसह पाहायला येईल. म्हणून पहिल्या महिन्यापासूनच वाचकांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीने गोळा करा आणि एक व्हॉट्सअ‍ॅप चॅनल सुरू करा. तिथे थेट कमिशनची लिंक टाकू नका, कारण काही कार्यक्रमांना ते चालत नाही. तुमच्या लेखाचा पत्ता द्या. पंधरा दिवसांतून एक उपयोगी गोष्ट पाठवली तरी पुरते.

लेख पटापट वाढावेत म्हणून यंत्राकडून लिहून घेण्याचा किंवा इंग्रजी लेखांचे यांत्रिक भाषांतर करून टाकण्याचा मोह होईल. तो कटाक्षाने टाळा. वाचकांसाठी काही नवे नसलेली पाने मोठ्या संख्येने तयार करणे हे गूगलने मार्च 2024 पासून स्पष्टपणे गैरवापर ठरवले आहे. त्याहून मोठे कारण असे की “धान्य मिलमध्ये प्रवेश करवा” अशा वाक्याने मराठी वाचकाचा विश्वास पहिल्या ओळीतच उडतो. व्याकरण तपासायला किंवा तक्ता मांडायला साधनांची मदत जरूर घ्या, पण निरीक्षण आणि वाक्य तुमचेच असावे.

महिन्यातून एकदा सर्च कन्सोल उघडून बसा. कोणत्या शब्दांवर तुमचे पान लोकांना दिसले पण त्यांनी क्लिक केले नाही, ते पाहा. बहुधा शीर्षक त्यांच्या प्रश्नाशी जुळत नसते. ज्या शब्दावर तुमचा लेख दुसऱ्या पानावर आहे, त्या लेखात उरलेली शंका सोडवणारा एक परिच्छेद आणि एक फोटो घाला. नवा लेख लिहिण्यापेक्षा जुना असा सुधारण्यातून जास्त वाचक येतात, हे मी वारंवार पाहिले आहे. परदेशातून, विशेषतः अमेरिकेतून, मराठी वाचक येऊ लागले तर त्यांची सोय वेगळी करा: तिथली वीज 120 व्होल्टची आणि आपली 230 व्होल्टची, त्यामुळे भारतीय यंत्र त्यांना जसेच्या तसे चालत नाही, आणि भारतातल्या लिंकवरून झालेली खरेदी त्यांच्या उपयोगाची नसते.

पैशांचा अंदाज कल्पित पण माफक आकड्यांनी मांडतो. खरेदीविषयक लेखांना महिन्याला 3000 वाचक आले, त्यांतील शंभरात पाच जणांनी लिंकवर क्लिक केले आणि त्या 150 जणांपैकी तिघांनी पंधरा हजारांची घरघंटी घेतली, तर 4 टक्के दर धरून तुम्हाला 1800 रुपये मिळतात. मिक्सर, डबे, काटे यांची किरकोळ विक्री धरून दोन-अडीच हजार. इथपर्यंत पोहोचायला नेटाने लिहिणाऱ्याला वर्ष लागते असे समजा. दुसऱ्या वर्षी हे दहा-बारा हजारांपर्यंत जाऊ शकते, पण जाईलच असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. दुकानातले काम चालू ठेवूनच हे करा. मिळालेल्या कमिशनवर मर्यादेपलीकडे टीडीएस कापला जातो, तेव्हा पॅन जोडून ठेवा, ब्लॉगचा जमाखर्च वेगळ्या वहीत लिहा आणि विवरणपत्रात हे उत्पन्न दाखवा. जीएसटी नोंदणीची वीस लाखांची मर्यादा सध्या खूप दूर आहे.

सुरुवात केव्हा करावी हेही सांगतो, कारण या विषयाला हंगाम आहे. आपल्याकडे वर्षाचे धान्य मार्च ते मे मध्ये भरतात आणि घरघंटीची चौकशी तेव्हाच वाढते. दुसरी लाट दिवाळीच्या चकलीच्या भाजणीपूर्वी येते. लेख गूगलमध्ये रुजायला वेळ लागतो, म्हणून उन्हाळ्यासाठीचे लेख दिवाळीनंतर लगेच आणि दिवाळीसाठीचे जून-जुलैमध्ये तयार हवेत. पहिले सहा लेख मी या क्रमाने लिहीन: घरघंटी परवडते का याचा हिशेब, तुमच्या स्वतःच्या यंत्राचे वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण, जाळीचे क्रमांक आणि कोणत्या धान्याला कोणती, एरंडेल लावलेल्या गव्हाची चाचणी, भाजणी दळण्याची पद्धत, आणि तीन-चार घरघंट्यांची तुलना. तुलनेचा लेख शेवटी ठेवला आहे, कारण त्यासाठी नणंदेकडे आणि मैत्रिणीकडे काटा घेऊन जायला वेळ लागेल, आणि आधीच्या पाच लेखांवर वाचक जे विचारतील त्यावरूनच तुलनेत काय मोजायचे ते ठरेल.